रिकाम्या वलांड्या

बाल्कनीतले कपडे दुपारच्या जेवणाआधीच कडकडीत वाळायला लागले, खालचा ओठ फुटला आणि सकाळचा वारा अंगाला कोरडा लागला, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. बोंबलाचा हंगाम आला. बोईसरच्या चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. समोर दुसरी बिल्डिंग, तिच्यामागे तिसरी, आणि त्यांच्याही मागे कारखान्यांची धुरांडी. पण वारा कुठल्या सोसायटीला विचारून येत नाही. या वर्षीही तो परवा आला. मी दोरीवरून नवऱ्याचा कारखान्यातला निळा शर्ट काढला, बाही हाताला खरखरीत लागली, आणि तो हंगाम आठवला. गेल्या वर्षीचा नव्हे, त्याच्या आधीचा. त्या हंगामात माझा ब्लॉग माझ्या एकटीचा राहिला नाही.

माझं माहेर तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावर. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की पुळण, आणि पुळणीवर वलांड्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. उभे बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणून बांधायच्या, एकीवर एक, डोक्याच्याही वरपर्यंत. त्या दोऱ्यांवर बोंबील वाळतात. पण ओला बोंबील हा फार लुळा मासा. दोरीवर टाकला तर घसरून खाली वाळूत. म्हणून आमच्याकडे एका बोंबलाच्या उघड्या तोंडात दुसऱ्याचा जबडा अडकवतात. दात दातांत रुततात, आणि मग ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. ना सुतळी, ना चिमटा. दोघं एकमेकांना धरून दोन-तीन उन्हं काढतात आणि कडक होतात. मी शाळेतून आले की दप्तर टाकून हेच करायचे. बोटांच्या टोकांना बारीक बारीक टोचायचं आणि त्या हातांनीच भाकरी खायची. त्या हातांचा वास दुसऱ्या दिवशी वर्गात पोचायचा. पालघरला कॉलेजात गेले तेव्हा डब्यात सुक्या बोंबलाची चटणी नेणं बंद केलं. का, ते आईने विचारलं नाही. तिला कळलं असावं.

लग्न होऊन बोईसरला आले. नवरा चांगला, शिफ्टचा माणूस, जे वाढेल ते खाणारा. त्याला कधीच कसला वास आला नाही. बिल्डिंगीला मात्र आला. पहिल्याच वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘कृपया बाल्कनीत सुके मासे ठेवू नयेत व भाजू नयेत, इतरांना त्रास होतो.’ नाव कुणाचं घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूने असा एक वास येतो की डोळे चुरचुरतात आणि सगळी सोसायटी मुकाट्याने खिडक्या लावून घेते. त्या वासावर कधी कुणी मेसेज टाकलेला मला आठवत नाही. पण मीही तेव्हा त्या मेसेजखाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी झाले.

माझी आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला येते. डोक्यावर पाटी, पाटीत बोंबील, जवळा, वाकट्या, वर कोरडं फडकं. बाजार उठला की माझ्याकडे चहाला येणार हे ठरलेलं. त्या मेसेजचं मी तिला सांगितलं नव्हतं, तरी त्यानंतर ती आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. पाटी खाली वॉचमनच्या खोलीमागे ठेवून आली होती.

“वर का नाही आणलीस?” मी विचारलं.

“तुज्या बिल्डिंगीत वास नको ना, बाय. चा दे,” ती म्हणाली.

चहा पिताना ती दोनदा उठून खिडकीतून खाली बघून आली. मांजर लागेल म्हणून. तेव्हापासून प्रत्येक आठवड्याला हेच. पाटी खाली, आई वर, आणि अर्धा चहा खिडकीत. मला त्या खिडकीचा राग येऊ लागला.

ब्लॉग मी त्याच रागाच्या आसपास सुरू केला, असं आज म्हणते. त्या वेळी मात्र मला नुसती हौस होती. नाव दिलं ‘वलांडी’. सुरुवातीचे लेख आता वाचले तर हसू येतं. मी इतर ब्लॉग वाचून वाचून तशीच लिहायचे. ‘नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत’ अशी सुरुवात, मग साहित्य, मग कृती, मग पांढऱ्या ताटलीतला फोटो. बोंबलाच्या कालवणावर इतकी कोथिंबीर घालायचे की आईने फोटो बघून विचारलं, “हे काय हाय? भाजी लावली का?” मी म्हटलं, अगं बोंबील आहे खाली. तर म्हणाली, “मंग त्याला बाहेर येऊ दे की.” माझे ते लेख नवरा वाचायचा, वहिनी वाचायची, आणि मी स्वतः दिवसातून चारदा उघडून कोणी काही लिहिलंय का ते बघायचे. कोणी काही लिहायचं नाही.

मग एके दिवशी मी फोटो न टाकता लिहिलं. सोसायटीच्या मेसेजबद्दल नाही लिहिलं, तेवढं धाडस नव्हतं. माझ्या डब्याबद्दल लिहिलं. सुक्या बोंबलांचा माझा डबा स्टीलचा आहे, तो एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ते सगळं गाठोडं वॉशिंग मशीनच्या मागे. पाहुणे आले की मी आधी मशीनकडे बघते. वर टाकलेलं पायपुसणं नीट आहे ना, डबा दिसत नाही ना. एवढंच लिहिलं, आणि शेवटी विचारलं, ‘तुमच्या घरी हा डबा कुठे असतो?’

त्या एका ओळीने काय केलं ते मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर खाली उत्तरांची रांग. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. देवघरापासून सगळ्यात लांबच्या कपाटात. गाडीच्या डिकीत, आणि म्हणून गाडी कुणाला उसनी देत नाही. एका बाईंनी लिहिलं, सासूबाईंना चालत नाही म्हणून मी कपड्यांच्या बॅगेत ठेवते, प्रवासाला निघताना आधी बोंबील काढते मग साड्या भरते. वाणगावच्या एकीने लिहिलं, आमच्याकडे डबा ओट्यावरच असतो, पण फोटो काढायचा झाला की मी तो उचलते, आणि हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. मी चहा गार होईपर्यंत वाचत बसले. एवढी माणसं एवढ्या ठिकाणी तोच डबा लपवत होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच.

तिथून मला लिहायचं म्हणजे काय ते थोडं कळलं. लोक मला सांगतात, तुझ्याकडे एवढे वाचक कसे, आम्हालाही शिकव. माझ्याकडे शिकवण्यासारखं फार नाही. मी एवढंच पाळते की जे सांगायला मला जरा लाज वाटते ते आधी लिहायचं, आणि ज्याचं उत्तर फक्त वाचणाऱ्याकडेच आहे असा प्रश्न शेवटी विचारायचा. उत्तर आलं की त्याला उत्तर द्यायचं, नुसतं हृदयाचं चित्र चिकटवून मोकळं व्हायचं नाही. त्यात माझं रोज किती डोकं जातं ते मला ठाऊक. भाजी फोडणीला टाकून एका हाताने टाइप केलंय, आणि करपलीही आहे. कोणी कोणाच्या वासाला, बोलीला हसायचं नाही, हा नियम मी पहिल्याच आठवड्यात वर लावला. एक जण हसला, त्याला मी समजावलं. पुन्हा हसला, त्याला काढून टाकलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

खरी गंमत पुढे झाली. मी माहेरी गेले की आईशेजारी बसून तिला उत्तरं वाचून दाखवू लागले. ती वलांडीखाली बोंबील जोडत असायची, मी तिच्या बाजूला उलट्या टोपलीवर. तिला लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण ऐकताना तिचा हात थांबायचा नाही आणि कान सुटायचा नाही.

“भाजलेला बोंबील कडवट का लागतो, असं एकीने विचारलंय,” मी वाचायचे.

“तिला इचार, डोकं काडते का? आन् गॅस बारीक कर म्हनावं. आपल्याला त्याची राख करायची नाय.”

मी तसंच्या तसं, आईच्या बोलीत लिहून टाकलं. खाली लगेच कुणीतरी विचारलं, ह्या कोण? मी लिहिलं, ही आई. मग प्रश्न मला येणं बंदच झालं. सगळे ‘आईंना विचारा’. सुरतेची नयना म्हणून एक वाचक होती. मूळची आमच्याच किनाऱ्यावरची, लग्न होऊन तिकडे गेलेली, आईवडील राहिले नाहीत म्हणून माहेर तुटलेलं. ती काहीच विचारायची नाही. नुसतं लिहायची, ‘आज आई काय म्हणाल्या?’ मी हे वाचून दाखवलं तेव्हा आईचा हात पहिल्यांदा थांबला. म्हणाली, “तिला सांग, आज काय बोलली नाय. आज कंबर दुकते.” नयनाने त्यावर लांबलचक लिहिलं, कंबरेला काय लावायचं ते. आईने ते लावलंही.

वैतरण्याचे एक दादा होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. त्यांनी डब्याच्या प्रश्नाला फार उशिरा उत्तर दिलं. आई गेल्यापासून तिचा सुक्या मासळीचा डबा मी धुतलेला नाही, भरलेलाही नाही, अधूनमधून उघडतो आणि लावतो, इतकंच.  त्यांच्या त्या दोन ओळींखाली नयनाने लिहिलं, ‘दादा, धुवू नका.’ त्याखाली दुसरीने, त्याखाली तिसरीने तेच. मी फोन हातात धरून बसले होते. ही सगळी माणसं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती, आणि तरी एकाने दुसऱ्याला घट्ट धरलं होतं. मला वलांडीवरच्या जोड्या आठवल्या. ब्लॉगला ते नाव मी सहज म्हणून दिलं होतं, त्या दिवशी ते नाव त्याला शोभलं.

तेव्हाच मनात आलं की यांना बोलवायचं. पडद्यावर नाही, पुळणीवर. भरलेल्या वलांड्या दाखवायच्या. ज्या वासासाठी आपण सगळ्या पिशव्यांवर पिशव्या बांधतो, तो वास उघड्यावर, उन्हात, मान वर करून उभा असतो, तो दाखवायचा. आणि मनातल्या मनात आणखी एक होतं. आईने बघावं की तिच्या पाटीसाठी माणसं लांबून चालत येतात. मग ती पाटी खाली ठेवणार नाही.

आईला विचारलं तर तिने आधी झटकून टाकलं.

“नको. लोकां येतील, नाकाला रुमाल लावतील न जातील. तुज्या बिल्डिंगीत लावतात ते पुरे. माज्या आंगनात मना नको.”

 एवढ्या वर्षांत तिने बिल्डिंगीचं नाव घेऊन पहिल्यांदा तक्रार केली होती. मी म्हटलं, आई, ही ती माणसं नाहीत. ती म्हणाली, “मानूस आल्याबिगर कलत नाय.” मग हातातली जोडी दोरीवर टाकता टाकता म्हणाली, “ती सुरतवाली येनार हाय का?” मी म्हटलं, पहिली तीच येणार. “मंग बोलाव.”

मी तयारीला लागले. रविवार धरला, कारण बाकी दिवशी कुणाला जमणार. कुठल्या गाडीने यायचं, बोईसरला उतरून टमटम कुठे मिळते, मुलांच्या परीक्षा कधी संपतात, नवऱ्याची सुट्टी कधी, सगळं बघितलं. ब्लॉगवर चित्र टाकलं, वर लिहिलं, ‘भरल्या वलांड्या बघायला या.’ येणाऱ्यांची नावं वाढू लागली. मी रोज आईला फोन करून सांगत होते, आज आणखी एक. ती हूं म्हणायची. रविवार कळल्यावर तिने तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली होती. मला वाटलं, माणसं जास्त होतायत म्हणून.

त्या रविवारी सकाळी मी टमटममधून उतरले आणि मागच्या दाराने पुळणीवर गेले. वलांड्या रिकाम्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर दोन-चार कावळे. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, माझा भाऊ त्यांच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तो हसायला लागला.

“ताय, भांग हाय,” तो म्हणाला.

समुद्राला दर पंधरवड्याला सुस्ती येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याला ओढ असते, आणि ओढीत ताणून धरलेली आमची जाळी भरतात. मधल्या अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं. तो भांग. जाळ्यात काही येत नाही, होड्या जात नाहीत, वलांड्यांवर काही चढत नाही. आधीच्या उधाणाचे बोंबील वाळून केव्हाच घरात गेलेले असतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी रेल्वेचं वेळापत्रक पाहिलं, शाळेचं पाहिलं, कारखान्याची शिफ्ट पाहिली. चंद्र पाहिला नाही.

“तू सांगितलं का नाहीस?” मी आईला विचारलं. रडायला आलं होतं, ते रागाच्या आवाजात निघालं.

“मना वाटलं तुला ठाव असेल,” आई म्हणाली. “दर्यावरची पोर तू.”

ती चिडून बोलली नव्हती. खरंच तसं वाटलं होतं तिला. तेच जास्त लागलं.

तेवढ्यात माणसं यायला लागली. नयना आली, बारीक, चष्म्याची, मी मनात उंच धरली होती. वाणगावच्या दोघी आल्या. विरारच्या आल्या, मुलाबाळांसकट. डहाणूकडची एक, सालवडची एक. वैतरण्याचे दादा आले, हातात कापडी पिशवी. सगळे आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्यामागच्या रिकाम्या दोऱ्यांकडे. मी वेड्यासारखी हसत सगळ्यांना भांग समजावत होते. भरल्या वलांड्या बघायला या, असं मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि लोक त्यासाठी पहाटे घरून निघाले होते. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

आई मात्र पुढे झाली. ती जरीकाठाचं लुगडं नेसली होती, हे मला तेव्हाच दिसलं. तिने पुळणीवर जुनं शिडाचं कापड अंथरायला सांगितलं आणि म्हणाली, “बसा. बरं झालं आज आल्या. उधानाला आल्या असत्या तर तुमाला पानी कोन इचारनार होतं? कोपरापर्यंत मासलीत असतो आमी. आज सगल्यांचे हात मोकले हायेत.”

आणि खरंच तसं होतं. मी एवढी वर्षं त्या गल्लीत राहिले, पण हंगामात सगळ्या बाया एका जागी रिकाम्या हातांनी बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या आल्या. कुणी चहा घेऊन, कुणी तांदळाच्या भाकरी. जाळं विणणारे पुरुषही जाळ्यासकट जवळ सरकले. भरल्या वलांड्यांखाली माझ्या वाचकांना फोटो मिळाले असते. रिकाम्या वलांड्यांखाली माणसं मिळाली. हे मी नंतर लिहिलं, पण कळलं तिथेच.

मग आईने आतून आधीच्या उधाणाचे सुके बोंबील आणले. काही अजून जोडीत होते, जबड्यात जबडा तसाच. तिने एकेक जोडी एकेकीच्या हातात दिली आणि सोडवायला सांगितली. विरारच्या मुलांनी ओढले, ते मोडले. “ओडू नको,” आई म्हणाली. “मागं दाब. आदी आत, मंग बाहेर.” नयनाने काही न ऐकता, न बघता, नुसत्या अंगठ्याने तिची जोडी सोडवली. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, “हाताला आठवलं. मला वाटलं होतं सगळं गेलं.” आणि ती रडली. आईने तिला जवळ वगैरे घेतलं नाही. दुसरी जोडी हातात दिली. “हे पन सोडव,” म्हणाली. नयना रडत रडत सोडवत राहिली, आणि थोड्या वेळाने नुसतीच सोडवत राहिली.

जेवायच्या वेळी सगळ्यांनी डबे काढले. प्रत्येक डबा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. पहिल्या दोघी-तिघींच्या पिशव्या सुटल्या तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं, आणि असं हसू फुटलं की भाऊ जाळं बाजूला ठेवून बघायला आला. बोंबील-वांगं, जवळ्याची चटणी, वाकट्यांचं सुकं, सगळं त्या शिडाच्या कापडावर उघडं पडलं. कुणाच्या नाकाला रुमाल नव्हता. आई ते बघत होती. मी आईला बघत होते.

निघताना वैतरण्याच्या दादांनी पिशवीतून डबा काढला. पितळी, झाकण थोडं चेपलेलं. त्यांनी तो आईपुढे धरला. आईने झाकण उघडलं, आत नाक नेलं, डोळे मिटले. तिला त्या बाई ठाऊक नव्हत्या, पण ओळखीच्या बाईच्या घरी डोकवावं तशी ती त्या डब्यात डोकावली. मग म्हणाली, “लिंबाचा पाला घालायची ना तुमची आय?” दादांनी मान हलवली. आईने मला कडुलिंबाचा पाला आणायला पाठवलं. तळाशी पाला घातला, वर बोंबील रचले, डोकी एका बाजूला, शेपट्या दुसऱ्या, आणि झाकण लावून डबा त्यांच्या हातात दिला. “संपला की परत या. धुवू नका,” ती म्हणाली. ‘धुवू नका’ हे नयनाने लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं होतं. ती विसरली नव्हती.

संध्याकाळी मी रिकाम्या वलांड्यांचा फोटो टाकून लिहायला बसले. चूक माझी, भांग समुद्राचा, दिवस आईचा, एवढंच लिहिलं आणि शेवटी प्रश्न विचारायचा विसरले. तरी उत्तरं आली. आजवर माझ्या दुसऱ्या कुठल्याच लेखाखाली एवढी माणसं जमली नाहीत. येऊ न शकलेल्या विचारत होत्या, पुन्हा कधी. मी आईला फोन केला तर तीच आधी म्हणाली, “पुनवेच्या दोन दिस मागून बोलाव त्यांना. न तारीख मना इचारून टाक.” तेव्हापासून ब्लॉगच्या माथ्यावर रोज तिथी असते, आणि तिच्यापुढे उधाण की भांग. सुरतेला बसलेली नयना आता मला सांगते, ताई, आज षष्ठी, भांग लागला. मला याचा केवढा अभिमान आहे ते मी लपवत नाही. मी काही मोठं लेखन केलेलं नाही. पण सुरतेच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आमच्या समुद्राची चाल मोजतं, ते माझ्या लिहिण्याने.

आता राहिली पाटी.

त्या पौर्णिमेनंतरच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आज माझी आई येणार आहे. पाटी घेऊन. वर.’ ब्लॉगवर हजार गोष्टी लिहिणारी मी, त्या तीन छोट्या वाक्यांना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. पण फोन वाजत राहिला. पहिल्या मजल्यावरून खासगीत मेसेज, ‘जवळा असेल का? ग्रुपवर नको.’ मग तिसऱ्या मजल्यावरून, ‘वाकट्या मिळतील का, मुलाला आवडतात, प्लीज कुणाला सांगू नका.’ मी ओट्याला टेकून एकटीच हसले. आमच्या बिल्डिंगीतही पिशवीत पिशवी होती.

बाजार उठायच्या वेळेला मी खाली गेले. आई वॉचमनच्या खोलीपाशी पाटी उतरवायला वाकली होती. मी म्हटलं, “उतरवू नको.” तिने माझ्याकडे बघितलं. वॉचमन नवा होता, त्याने वही पुढे केली, “किसके यहाँ जाना है?” आईने मान ताठ केली. डोक्यावर पाटी असली की ती तशीही ताठच असते.

“चवथ्या माळ्यावर,” ती म्हणाली. “माजी पोरगी लिवते ना, तिच्याकडं.”

लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि पाटी. वर दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधल्या काकू लिफ्टची वाट बघत उभ्या. त्यांनी पदर नाकाशी नेला. मग पाटीचं वजन बघून दुसऱ्या हाताने लिफ्टचं दार धरून ठेवलं, आम्ही दोघी बाहेर पडेपर्यंत. “आई का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पदर नाकाशीच होता, आणि दारही त्यांनी सोडलं नाही. काकू आत न जाता जिन्याने खाली गेल्या.

आईने पाटी स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली आणि चहा मागितला. त्या दिवशी तिने चहा बसून प्यायला, सगळा. खिडकीकडे एकदाही गेली नाही. तिला झोप लागली, तिथेच, भिंतीला टेकून.

मी चप्पल घालून हळूच बाहेर आले. लिफ्ट अजून आमच्याच मजल्यावर होती. आत गेले, दार लावलं. बोंबलाचा वास तिथे भरून राहिला होता, तसाच, पुळणीवरचा. मी तळमजल्याचं बटण दाबलं. खाली दार उघडलं तेव्हा वॉचमनने विचारलं, “क्या हुआ मैडम, कुछ भूल गए?”

“नाही,” मी म्हटलं, तो वास पुन्हा छातीभर ओढून घेतला आणि चारचं बटण दाबलं.